स्क्रीन कुठे उभी करायची? कोल्हापुरातल्या एका नेत्र ओटीत त्रिमितीय मायक्रोस्कोप आला तेव्हाचं प्रकरण

कोल्हापुरातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या मोठ्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, त्रिमितीय मायक्रोस्कोप चाचणीसाठी आला आणि आल्या-आल्याच त्याच्याबद्दल दोन टोकांची मतं तयार झाली. सिस्टर आणि शिकाऊ डॉक्टर खूश होते. ज्यांच्यासाठी यंत्र आणलं होतं त्या रेटिना (म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा) सर्जन मॅडम मात्र नाखूश होत्या. या रुग्णालयाच्या उपकरणांची देखभाल माझ्याकडे आहे. विश्वस्तांनी यंत्र घ्यावं की परत पाठवावं, याचा तांत्रिक अहवाल मला द्यायचा होता. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील वगळून ते सगळं प्रकरण इथे मांडतो आहे. आसपासच्या जिल्ह्यांतली रुग्णालयंही आता याच खरेदीचा विचार करत आहेत, आणि मी पाहिलेल्या माहितीपत्रकांत जे सांगितलेलं नसतं तेच आमच्याकडे निर्णायक ठरलं.

आधी यंत्राबद्दल थोडं. नेहमीच्या शस्त्रक्रिया मायक्रोस्कोपमध्ये उजव्या-डाव्या डोळ्यासाठी दोन वेगळे प्रकाशमार्ग असतात आणि सर्जन दोन्ही आयपीसना (डोळा लावायच्या भिंगांना) डोळे लावून बसतो. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळ्या कोनातून दिसतं, म्हणूनच खोली, म्हणजे कुठली वस्तू किती वर-खाली आहे, ते कळतं. त्रिमितीय यंत्रणेत आयपीसच्या जागी कॅमेरा बसतो. त्यात दोन सेन्सर असतात, एक उजव्या मार्गासाठी आणि एक डाव्या. दोन्ही चित्रं प्रोसेसरमधून मोठ्या ४के स्क्रीनवर जातात. आमच्याकडची स्क्रीन ५५ इंची होती. तिच्यावर एक ओळ उजव्या डोळ्याची, पुढची डाव्या डोळ्याची, अशी मांडणी असते. दोन्हींचा प्रकाश उलट-सुलट दिशेने ध्रुवीकृत केलेला असतो आणि चष्म्याच्या काचा आपापल्याच ओळी आत सोडतात. २१६० ओळींपैकी प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला १०८० येतात. चष्म्यात बॅटरी नाही, वजन नाही. मॅडमना स्वतःचा नंबरचा चष्मा आहे, त्यावर क्लिपच्या काचा बसल्या.

कानाच्या शस्त्रक्रियेसाठी स्टॉकहोममध्ये कार्ल नायलेन यांनी १९२१ साली एका डोळ्याने बघायचा मायक्रोस्कोप वापरला. पुढच्याच वर्षी तिथल्याच गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन डोळ्यांचा आणला. १९५३ मध्ये झाइसचा ओपीएमआय १ आला आणि मायक्रोस्कोप ओटीतलं रोजचं साधन होत गेला. तेव्हापासून ओट्यांची मांडणी आयपीसभोवती झाली आहे. टेबल कुठे, सिस्टरची ट्रॉली कुठे, व्हिट्रेक्टॉमी मशीन (डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढणारं यंत्र) कुठे, दिवे कुठून, हे सगळं एकच गोष्ट गृहीत धरून ठरतं: सर्जनचे डोळे रुग्णाच्या डोक्यामागे एका ठरलेल्या बिंदूवर आहेत आणि बाकीच्यांनी त्याभोवती जागा शोधायची. मान वर ठेवून स्क्रीनकडे बघत पडद्याची शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव जर्मनीतल्या क्लाउस एकार्ट यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याच सुमारास नेत्रशस्त्रक्रियेसाठीच्या अशा यंत्रणा दिसू लागल्या. आमच्या ओटीला मात्र डोळे आयपीसवरून उचलले गेल्याचा पत्ताच नव्हता. सगळ्या तक्रारींचं मूळ तिथेच होतं.

मॅडमच्या तक्रारी

त्यांच्या तक्रारी नेमक्या होत्या. एक, चित्र लहान वाटतं. दोन, फोर्सेप्सचं (बारीक चिमट्याचं) टोक डोळ्याच्या पडद्यापासून प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा लांब भासतं. तीन, जरा खाली होऊन बसलं की कडा दुहेरी दिसतात. चार, मान दुखते. शेवटची तक्रार ऐकून सगळेच चक्रावले, कारण मानेसाठी तर हे यंत्र आणायचं चाललं होतं.

कंपनीच्या माणसाने स्क्रीन टेबलाच्या पायाच्या टोकाशी, भिंतीला लागून उभी केली होती, कारण तेवढीच जागा मोकळी होती. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत सर्जन रुग्णाच्या डोक्यामागे बसतो, म्हणजे स्क्रीनपर्यंत मध्ये अख्खा माणूस आडवा. मी टेप लावून मोजलं तर मॅडमच्या डोळ्यापासून स्क्रीन २ मीटरच्या पुढे होती. ५५ इंची स्क्रीनची रुंदी साधारण १.२२ मीटर. १.२ मीटरवरून ती डोळ्यासमोरचा सुमारे ५४ अंशांचा भाग व्यापते, २ मीटरवरून जेमतेम ३४ अंशांचा. आयपीसमधून भरलेलं क्षेत्र बघायची सवय असलेल्या माणसाला ३४ अंशांत काम करायला दिलं तर चित्र लहान वाटणारच. पिक्सेलचा हिशोबही तसाच निघतो. ४के स्क्रीनचा एक पिक्सेल १.२ मीटरवरून सुमारे १ आर्कमिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) दिसतो, आणि ६/६ म्हणजे सामान्य दृष्टी असलेल्या डोळ्याची वेगळं ओळखण्याची मर्यादाही तेवढीच आहे. त्याहून लांब बसलं की स्क्रीन जो तपशील दाखवते तो डोळा टिपतच नाही. ४के साठी पैसे मोजायचे आणि स्क्रीन भिंतीला टेकवायची, हा निव्वळ तोटा.

दुसरी तक्रार सगळ्यांत गंभीर होती. स्क्रीनवर उजव्या-डाव्या चित्रातला फरक ठरलेला असतो. त्या फरकातून मेंदू जी खोली उभी करतो ती अंतराबरोबर बदलते. लांबून बघणाऱ्याला ती ताणल्यासारखी भासते. फोर्सेप्स आणि पडदा यांच्यातली फट ताणलेली दिसली तर हात आणखी थोडा खाली जायला धजावतो. पडद्याच्या कामात हात किती खाली जातो यावरच सगळं अवलंबून असतं. हे आधी स्वच्छ मांडून मगच मी पुढचं बोललो. अशा भासाला ‘सवय होईल’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. सवय होईपर्यंतचे रुग्णही रुग्णच असतात.

दुहेरी कडांचं कारण सोपं निघालं. असल्या स्क्रीनकडे वरून किंवा खालून तिरकं पाहिलं तर एका डोळ्याच्या ओळी दुसऱ्या डोळ्यात गळतात. स्क्रीनचा मध्य सर्जनच्या डोळ्याच्या उंचीवर हवा. आमच्याकडे तो बराच वर होता, कारण खाली आणली की सिस्टरच्या ट्रॉलीमागे तिचा तळ झाकला जायचा.

मानेचं दुखणं मात्र खऱ्या अडचणीतून आलं होतं. स्क्रीन लांब आहे म्हणून मध्ये तिला रुग्णाच्या उजव्या कमरेशी आणून तिरकी करून पाहिलं होतं. अंतर बरोबर आलं, पण आता मान तासभर एका बाजूला वळलेली. आयपीसवर वाकून बसण्याऐवजी वळून बसणं, एवढाच बदल. जवळ हवी तर बाजूला जाते आणि समोर हवी तर लांब जाते, हा पेच प्रत्येक नेत्र ओटीत येणार, कारण मधे झोपलेल्या माणसाची उंची कुणालाच कमी करता येत नाही.

मांडणी

आमच्या टेबलाचा पाया मधोमध आहे, पायाकडच्या भागाखाली जागा मोकळी. स्क्रीनच्या गाडीचा चाकांचा तळ त्या मोकळ्या जागेत बाजूने सरकवता येतो, हे आमच्या ओटी अटेंडंट मामांनी दाखवून दिलं. ते रोज टेबल पुसतात, त्यामुळे टेबलाखाली काय आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. गाडी तशी सरकवल्यावर स्क्रीन रुग्णाच्या गुडघ्यांच्या वर, मॅडमच्या अगदी समोर, साधारण दीड मीटरवर आली. दीड मीटरवरून ४४ अंश मिळतात. १.२ मीटरइतकं उत्तम नाही, पण मान सरळ राहते. मॅडमनी दोन्ही मांडण्या सराव डोळ्यावर करून बघितल्या आणि दीड मीटरवाली निवडली. फोर्सेप्सचा भास त्या अंतरावर जाणवेनासा झाला, हे त्यांनी लेखी दिलं.

गुडघ्यावर स्क्रीन म्हटल्यावर रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आला. चारही चाकांना ब्रेक, ब्रेक लागलेत हे मामा मोठ्याने सांगणार, आणि रुग्णाला अस्वस्थ वाटू लागलं तर भूलतज्ज्ञ बोलायच्या आत गाडी बाहेर ओढायची, असं ठरलं. भूलेचा मॉनिटर डाव्या बाजूला गेला. व्हिट्रेक्टॉमी मशीन सिस्टरच्या मागे सरकलं.

राहिली सिस्टरची ट्रॉली. बाजारातल्या स्टीलच्या ट्रॉल्या ठरावीक उंचीच्या येतात. कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत मोजमाप दिलं की तशी वस्तू करून मिळते. तिथल्या एका फॅब्रिकेटरने स्टेनलेस स्टीलची बुटकी ट्रॉली करून दिली, कोपरे गोल, वेल्डिंग घासून गुळगुळीत, म्हणजे निर्जंतुक करताना कुठे घाण अडकू नये. स्क्रीन खाली आली आणि दुहेरी कडा गेल्या. एवढ्या महागड्या यंत्राची अडचण एका ट्रॉलीने सुटली, याचं मला नवल वाटत नाही. ओटीत वस्तू एकमेकींना अडवतात आणि त्यातला बहुतेक अडथळा आपणच रचलेला असतो.

हुपरीचे कारागीर

नव्या मांडणीत पहिली मोठी शस्त्रक्रिया झाली ती हुपरीच्या एका चांदी कारागिरांची. वय साठीच्या आसपास. पैंजणाच्या कड्या जोडताना मधलीच कडी दिसत नाही आणि चिमटा कडीच्या अलीकडेच टेकतो, ही त्यांची तक्रार. ओसीटीत (पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी आरपार छिद्र दिसलं. एका डोळ्याची मधली दृष्टी गेली की दोन डोळ्यांनी मिळून कळणारी बारीक खोलीही जाते. त्यांच्या कामाचा सगळा आधार तोच होता. तपासणीच्या वेळी त्यांनी मॅडमना एवढंच विचारलं, “बारीक काम परत जमंल नव्हं?” मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. छिद्र मिटण्याची शक्यता चांगली आहे, नजर किती परत येईल ते नंतर कळेल, आणि शस्त्रक्रियेनंतर पालथं झोपावं लागेल, असं त्यांना आणि त्यांच्या मुलाला बसवून सांगितलं. यंत्र नवीन आहे, तेही सांगितलं.

या शस्त्रक्रियेत डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात आणि मग छिद्राभोवतीची सगळ्यांत आतली झिल्ली सोलतात. ही झिल्ली काही मायक्रॉन जाडीची आणि पारदर्शक असते, म्हणून ती निळ्या रंगाने रंगवतात. रंगवलं तरी फिकट निळ्यावर फिकट नारिंगी असा प्रकार असतो. इथे स्क्रीनचा फायदा मी स्वतः पाहिला. मॅडमनी सेटिंग बदलायला सांगितलं, रंगांचा समतोल थोडा पिवळ्याकडे नेला, आणि सोललेल्या जागेची कड अशी उठून दिसली की दारात उभ्या मामांनाही कळावी. डोळ्याच्या आत धरलेला लाईट पाइपही नेहमीपेक्षा बराच मंद ठेवता आला, कारण कॅमेरा कमी उजेडातलं चित्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उजळतो. पडद्याच्या मध्यावर इतक्या जवळून पडणारा प्रकाश जितका कमी तितकं चांगलं, त्यामुळे या एका बाबीला मी अहवालात ठळक जागा दिली.

ब्लॉक, म्हणजे फक्त डोळा बधिर करणारं इंजेक्शन, दिलेला असल्याने कारागीर जागेच होते. मध्येच त्यांना खोकल्याची ढास येईल असं वाटलं, सिस्टर म्हणाल्या, “मामा, खोकायचं असलं तर आधी बोट हलवा बरं का,” आणि त्यांनी खरंच बोट हलवलं. मॅडमनी अवजारं बाहेर घेतली. खोकला येऊन गेला, काम पुढे सुरू झालं. त्याच वेळी माझ्या लक्षात आलेली गोष्ट सांगतो: मॅडम काही बोलायच्या आधी सिस्टरच्या हातात पुढचं फोर्सेप्स तयार होतं, टोकाची टोपी काढलेलं. आयपीसच्या काळात सिस्टरला सर्जनच्या आवाजावरून आणि हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधावा लागायचा. छोट्या मॉनिटरवर सपाट चित्र दिसायचं, पण त्यात झिल्लीची कड उचलली गेली की नाही ते कळत नसे. इथे त्यांना तेच, तेवढ्याच खोलीचं चित्र दिसत होतं. नंतर हात धुताना त्या म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही ‘थांब’ का म्हणता ते आज कळलं.” अनुभवी सिस्टरच्या तोंडचं हे वाक्य मला कुठल्याही तक्त्यापेक्षा वजनदार वाटतं.

बारीकसारीक त्रास होतेच. मास्कमधून वर येणाऱ्या श्वासाने क्लिपच्या काचा धुरकट होत होत्या. नाकावर मास्कची वरची कड मायक्रोपोरने (कागदी चिकटपट्टीने) चिकटवली तेव्हा थांबलं. शिकाऊ डॉक्टर बाजूला बसतात, तिथून स्क्रीनवरची ‘वर’ ही त्यांच्या हाताची ‘वर’ नसते, कारण चित्र सर्जनच्या बाजूचं आहे. बघायला ते उत्तम, हात घालायला अवघड. यावर आमच्याकडे पक्कं उत्तर अजून नाही. सध्या त्यांना स्वतःच्या हाताने करायच्या पायऱ्या असल्या की ते मॅडमच्या जागी बसतात आणि मॅडम शेजारी उभ्या राहून बघतात. तीच स्क्रीन दिसत असल्याने त्यांना नेमकं कुठे थांबवायचं ते कळतं.

अंधाराची तालीम

या शस्त्रक्रियेच्या आधी आम्ही एक तालीम केली होती आणि माझ्या मते संपूर्ण चाचणीतला तो सर्वांत मोलाचा भाग होता. रुग्ण नसताना, सराव डोळा लावून, मॅडम काम करत असताना मी न सांगता मेन स्विच पाडला. प्रोसेसर ऑनलाइन यूपीएसवर (वीज गेली तरी बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणाऱ्या यंत्रावर) होता, तो चालू राहिला. स्क्रीन काळी झाली. कंपनीकडच्या जोडणीत स्क्रीनची वायर भिंतीच्या साध्या सॉकेटमध्ये गेली होती. चित्र तयार होत होतं, पण दिसत कुणालाच नव्हतं.

वायर यूपीएसवर घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला: यूपीएसच गेला तर? प्रोसेसर नव्याने सुरू व्हायला वेळ लागतो. या नमुन्यात कॅमेरा बसवताना आयपीसचं डोकं काढावं लागतं, आणि ते परत बसवायचं म्हणजे निर्जंतुक आच्छादन सोडवून पुन्हा बांधणं आलं. तोवर डोळा उघडा. म्हणून क्रम ठरवला. आधी अवजारं बाहेर, द्रवाची नळी चालू ठेवायची म्हणजे डोळ्यातला दाब टिकतो, मग धाकट्या ओटीतला चाकांवरचा साधा मायक्रोस्कोप आत आणायचा. तो दाराशी झाकून तयार ठेवायचा. कारागिरांच्या वेळी त्याची गरज पडली नाही, पण तो दाराशी होता.

असं काही पुण्यामुंबईच्या मोठ्या रुग्णालयात कदाचित इतकं महत्त्वाचं वाटणार नाही. आमच्याकडे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. अशा दिवसांत पुण्याहून सर्व्हिस इंजिनिअर येणार कसा आणि सुटा भाग येणार कुठून? पडदा सुटलेला रुग्ण पाणी ओसरायची वाट बघू शकत नाही. म्हणून खरेदीच्या अटींत पहिली अट लिहिली: आयपीस जागेवरच राहतील आणि एका कळीने स्क्रीनवरून आयपीसवर येता येईल, असाच नमुना. अशी रचना बाजारात मिळते. प्रकाश दोन्हीकडे वाटला गेल्याने थोडा कमी होतो, तो तोटा आम्ही पत्करला.

मोतीबिंदूचं काय?

विश्वस्तांचा साहजिक प्रश्न होता की एवढा खर्च करायचा तर सगळ्या शस्त्रक्रिया यावरच का नकोत. मोतीबिंदूच्या सर्जन डॉक्टरांनी यंत्र वापरून पाहिलं आणि ‘मला नको’ असं सांगितलं. त्यांचं कारण योग्य होतं. हात हलणं आणि ते स्क्रीनवर दिसणं यात सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी उशीर असतो, पण असतो. पडद्याच्या कामात हात संथ असतो, तिथे तो जाणवत नाही. टाका घालताना किंवा लेन्स पटकन फिरवताना तयार हाताला तो जाणवतो. शिवाय मोतीबिंदूच्या वेळी रुग्णामागून रुग्ण टेबलावर येतात. प्रत्येक वेळी स्क्रीनची गाडी गुडघ्यांवरून काढा आणि पुन्हा सरकवा, हे जमणारं नाही. धाकटी ओटी आयपीसवरच राहिली.

कारागिरांचं छिद्र मिटलं. ओसीटीत कडा जुळलेल्या दिसल्या. ते पालथं झोपण्याच्या सगळ्या सूचना काटेकोर पाळत होते, मुलाने घरी उशांची सोय केली होती. छिद्र मिटावं म्हणून शस्त्रक्रियेत डोळ्यात भरलेला गॅस विरेपर्यंत त्यांना विमानप्रवास आणि नायट्रस ऑक्साइडची भूल दोन्ही वर्ज्य, तसा पट्टा त्यांच्या मनगटावर बांधून दिला होता. मी अहवालात मुद्दाम नोंदवलं की छिद्र मिटण्याचं श्रेय यंत्राला देऊ नये. आयपीसवर केलेल्या अशा शस्त्रक्रियाही याच मॅडमच्या हातून यशस्वी होत आल्या आहेत, आणि दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांतही परिणाम साधारण सारखेच दिसले आहेत. यंत्र घ्यायची कारणं वेगळी आहेत: मंद प्रकाश, सर्जनची सरळ मान, आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला दिसणारं खरं चित्र. पन्नाशीला आलेल्या, वर्षानुवर्षं वाकून बसलेल्या सर्जनची मान टिकली तर चंदगडच्या रुग्णाला पुण्याची गाडी धरावी लागणार नाही. माझ्या दृष्टीने हे एकच कारण पुरेसं आहे.

विश्वस्तांनी मंजुरी दिली ती चार अटींवर: आयपीस कायम, प्रोसेसर आणि स्क्रीन दोन्ही ऑनलाइन यूपीएसवर, पावसाळ्याआधी महत्त्वाचे सुटे भाग कोल्हापुरात आणून ठेवायचे, आणि रुग्णाकडून या यंत्रासाठी जादा शुल्क घ्यायचं नाही. चौथी अट मॅडमनी घालायला लावली. बुटकी ट्रॉली ओटीतच ठेवली आहे. तशीच दुसरी, थोडी रुंद, उद्यमनगरात सांगितली आहे.